कच्चे मडके आणि जाणता गुरू
कुशाग्र बुद्धीच्या मुलांचे शिक्षण: कळमनुरी परिसराच्या इतिहासातून

ज्युबिलीचे वर्ष हे जसे आनंदाचे, तसे हिशेबाचेही वर्ष असते. देवाने आपल्या पदरात काय घातले आणि आपण त्याचे काय केले, हा प्रश्न अशा वर्षी प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःस विचारावयाचा असतो. वेदी, घंटा आणि भिंती ह्यांचा हिशेब सोपा. तो वहीत मांडलेला असतो. परंतु आमच्या अवतीभोवती वाढणाऱ्या मुलांना जी बुद्धी लाभली, तिचा हिशेब कोणत्या वहीत सापडणार? म्हणून ह्या स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो असता आम्ही विटा-चुन्याचा इतिहास इतरांकडे सोपविला, आणि कळमनुरी व तिच्या सभोवतालच्या प्रदेशात तल्लख मुलांचे शिक्षण कसे होत आले, त्यांची कल्पकता कोठे फुलली आणि कोठे अडली, ह्याचा शोध घेण्याचे ठरविले. हा शोध आम्हांस वाटला त्याहून अधिक दूर घेऊन गेला. वाचकांनी थोडा धीर धरून आमच्याबरोबर चालावे, अशी विनंती आहे.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी आणि औंढा अशी दोन स्थाने आहेत. नर्सी हे संत नामदेवांचे गाव म्हणून परंपरेने मानले जाते. औंढा हे नागनाथाच्या देवालयासाठी सर्व भारतात प्रसिद्ध आहे. ह्या दोन गावांना जोडणारी एक कथा वारकरी संप्रदायात शतकानुशतके सांगितली जाते. संतांची मंडळी जमली असता मुक्ताबाईने गोरोबा कुंभारांस विचारले, की ह्या मडक्यांपैकी पक्की किती आणि कच्ची किती ते सांगावे. गोरोबांनी आपले थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले. इतर सर्वांनी ते सोसले. नामदेव मात्र रागावले. तेव्हा हे मडके कच्चे, असा निर्णय झाला. अपमानित झालेले नामदेव औंढ्यास विसोबा खेचरांकडे आले, तो विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी आक्षेप घेताच विसोबा म्हणाले, की देव जेथे नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवू लागले, आणि ज्या ज्या ठिकाणी ठेवावे त्या त्या ठिकाणी लिंग दिसू लागले.

ह्या कथेतील अध्यात्म वारकरी बंधूंचे आहे. त्याची मीमांसा करण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि शिक्षणाचा विचार करणाऱ्यास तीत एक मोठा बोध आहे. परीक्षेने एवढेच सांगितले, की हे मडके कच्चे आहे. ती परीक्षा खोटी नव्हती. परंतु अपुरी होती. कच्चे मडके फेकून द्यावयाचे असते की भाजावयाचे असते, हे थापटण्यास कळत नाही. ते गुरूस कळते. आणि गुरूने काय केले? त्याने प्रवचन केले नाही. शिष्याच्या प्रश्नाबद्दल त्याला दटावले नाही. त्याने शिष्याच्या हाती एक काम दिले आणि म्हटले, तूच करून पाहा. ज्या नामदेवांस कच्चे ठरविले गेले, त्यांची ६१ पदे पुढे शिखांच्या आदिग्रंथात समाविष्ट झाली.

आता 'कुशाग्र' आणि 'प्रतिभावान' ह्या दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. जुन्या काव्यशास्त्रात भट्टतौताच्या नावाने प्रतिभेची व्याख्या सांगितली जाते ती अशी, की नव्या नव्या उन्मेषांनी फुलत राहणारी जी प्रज्ञा ती प्रतिभा. म्हणजे पाठ केलेले बिनचूक म्हणून दाखविणे ही स्मरणशक्ती. विचारलेल्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर त्वरेने काढणे हे चातुर्य. आणि ज्याचे उत्तर अद्याप कोणी दिले नाही असा प्रश्न उपस्थित करणे, अथवा एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे शोधणे, ही प्रतिभा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड ह्यांनी १९५० साली आपल्या देशातील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे अध्यक्ष म्हणून भाषण केले, तेव्हा नवनिर्मितीच्या शक्तीकडे शास्त्राचे फार दुर्लक्ष झाले आहे, अशी तक्रार केली. एका उत्तराकडे धावणारा विचार आणि अनेक दिशांना फाकणारा विचार असे दोन प्रकार त्यांनी पुढे मांडले. बुद्धी मोजण्याच्या रूढ कसोट्या पहिल्या प्रकाराचेच माप घेतात आणि दुसरा निसटून जातो, हे त्यांचे म्हणणे शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले.

आमच्या प्रदेशात मात्र त्या काळी प्रश्न ह्याहून अधिक बिकट होता. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत कळमनुरी हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात मोडत असे. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. एका भारतीय भाषेतून वैद्यक, विज्ञान, कायदा शिकविण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता, आणि त्याचे श्रेय नाकारणे न्यायाचे होणार नाही. परंतु ज्याच्या घरी मराठी, तेलुगु किंवा कानडी बोलली जाते अशा बहुसंख्य प्रजेच्या मुलास विद्येचा दरवाजा परक्या भाषेच्या किल्लीनेच उघडावा लागे. खासगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगी हवी. अशाही स्थितीत हैदराबादेस विवेकवर्धिनी, गुलबर्ग्यास नूतन विद्यालय ह्या संस्था १९०७ च्या सुमारास उभ्या राहिल्या, आणि १९२१ साली उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा ह्या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून प्रसिद्धीस आलेले स्वामी रामानंद तीर्थ हे ह्या हिप्परग्याच्या शाळेत शिक्षक होते, हे आजच्या मुलांस बहुधा ठाऊक नसते.

भाषेच्या अडचणीहून मोठी अडचण होती ती प्रश्न विचारण्याची. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठात व त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरल्यावरून विद्यार्थ्यांस मोठ्या संख्येने काढून टाकण्यात आले. त्यांतील पुष्कळांस नागपूर विद्यापीठाने आपल्या पंखाखाली घेतले. ह्या विद्यार्थ्यांत तेलंगणातील एक तरुण होता, पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे; त्याच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

आता आमच्या कळमनुरी तालुक्याकडे वळू. ह्या तालुक्यातील नांदापूर ह्या गावी १५ जुलै १९३२ रोजी एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव नरहर अंबादास कुरुंदकर. कुरुंदा हे त्याचे मूळ गाव शेजारच्या वसमत तालुक्यातले, आणि आरंभीचे शिक्षणही वसमतेस झाले. महाराष्ट्रात विचारवंत, समीक्षक आणि वक्ता म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते हेच कुरुंदकर गुरुजी होत. ईश्वराविषयीची त्यांची मते आमच्याहून भिन्न होती, आणि ती त्यांनी कधी लपविली नाहीत. परंतु देवाची देणगी कोणाच्या पदरात पडावी हे आम्ही ठरवीत नाही, आणि जो सत्याचा शोध प्रामाणिकपणे घेतो त्याच्यापासून शिकण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

हे नरहर पुढील शिक्षणासाठी हैदराबादेस गेले. तेथे त्यांचे मामा डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर हे मराठीचे प्राध्यापक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत ह्यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास करणारा 'मुक्त-मयूरांची भारते' हा त्यांचा ग्रंथ विद्वानांत मान्यता पावलेला आहे. अशा मामांचा सहवास आणि त्याबरोबर हैदराबादेतील ग्रंथसंपदा ह्या मुलास लाभली. किशोरवयातच ते मुक्तिसंग्रामाच्या चळवळीत ओढले गेले. त्यांनी वाचले अफाट. वादविवाद केले रात्रंदिवस. आणि परीक्षेचे काय झाले? इंटरच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. आणि तेही एकदाच नव्हे. ज्या मनुष्याने पुढे भरताच्या नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि सौंदर्यशास्त्रापासून शिवकालापर्यंत अधिकारवाणीने लिहिले, त्यास इंटरच्या परीक्षकांनी कच्चे मडके ठरविले.

ह्यावरून परीक्षा निरर्थक असते असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. नापास होणारा प्रत्येक मुलगा कुरुंदकर नसतो. आणि ठरलेल्या अभ्यासक्रमाची शिस्त अंगी बाणविणे हेही विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे. ह्या इतिहासातून जे निघते ते वेगळे आहे. परीक्षेने दार लावले, तेव्हा हा तरुण वाया का गेला नाही? आमचे उत्तर असे, की परीक्षेच्या बाहेर त्यास दुसरी शाळा मिळाली होती. तिच्यात एक विद्वान वडीलधारा होता, पुष्कळ पुस्तके होती, वाद घालणारे मित्र होते, आणि ज्यासाठी विचार करावा असे एक मोठे कार्य समोर होते. ह्या चार गोष्टींपैकी एकही गुणपत्रिकेवर छापली जात नाही.

त्यास पाचव्या गोष्टीची जोड मिळाली, ती नांदेडच्या एका शाळेची. पदवी हाती नसलेल्या ह्या तरुणास १९५५ साली नांदेडच्या प्रतिभा निकेतन हायस्कूलमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. शाळेचे नाव किती अन्वर्थक! शिकविता शिकविता त्यांनी आपल्या राहिलेल्या परीक्षा पूर्ण केल्या, आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते मराठीचे अध्यापक व कालांतराने प्राचार्य झाले. हे पीपल्स कॉलेज १९५० साली निघाले. त्याच्या स्थापनेत हिप्परग्याचे ते जुने शिक्षक स्वामी रामानंद तीर्थ ह्यांचाच पुढाकार होता. अशा रीतीने एका शिक्षकाने लाविलेल्या झाडाखाली दुसरा शिक्षक वाढला. प्राचार्य झाल्यावरही लोक त्यांस 'गुरुजी' ह्या शाळामास्तराच्या नावानेच संबोधीत, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. रणजित देसाई ह्यांच्या 'श्रीमान योगी' ह्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीस कुरुंदकरांची जी प्रस्तावना आहे, ती मुळात लेखकास लिहिलेले एक दीर्घ पत्र आहे. प्रश्न उपस्थित करावे, पुरावा तपासावा, समोरच्याचा मान राखून मतभेद मांडावा, ही वर्गातील रीतच त्या पत्रात उतरली आहे. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे व्याख्यानाच्या व्यासपीठावरच त्यांचे देहावसान झाले; तेव्हा त्यांचे वय अवघे ४९ वर्षांचे होते.

कळमनुरी तालुक्याने दिलेले हे एकच रत्न नव्हे. कवी फ. मुं. शिंदे हे ह्याच तालुक्यातील रुपूरचे. २०१४ साली सासवड येथे भरलेल्या ८७ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कोरडवाहू शेतीच्या आणि लहान लहान वस्त्यांच्या ह्या तालुक्यात प्रतिभेचे बी पडत नाही, असे म्हणण्यास कोणी धजू नये. बी पडते, प्रश्न आहे तो ओलाव्याचा.

हा ओलावा दैवावर न सोडता तो योजनापूर्वक देता येईल का, असा विचार महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतर सुरू झाला. पुण्यास १९६२ साली डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे ह्यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. बुद्धिमान मुलांस निवडावे, त्यांच्या बुद्धीस साजेसे आव्हान द्यावे आणि ती बुद्धी समाजाच्या कामी यावी अशी दृष्टी द्यावी, हा तिचा हेतू. आरंभी हे कार्य शाळेच्या वेळेबाहेर चाले. १९६९ साली तिची स्वतंत्र प्रशाला सुरू झाली. ज्या गिलफर्डचा उल्लेख वर आला, त्यांच्या बुद्धिविषयक सिद्धान्तावर ह्या संस्थेत मराठीतून दीर्घकाळ संशोधन झाले. निवडीच्या कसोटीत केवळ स्मरणाला नव्हे, तर नव्या कल्पनांनाही स्थान असावे, असा आग्रह तेथे धरला गेला. मुलांनी स्वतः प्रकल्प करावा, गावोगाव जाऊन पाहावे, जे पाहिले त्याचा वृत्तान्त लिहावा, ही पद्धत तेथे रूढ झाली. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर ह्याच संस्थेने आमच्या मराठवाड्यात हराळी येथे शाळा उभारली, हेही कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे.

परंतु पुणे म्हणजे पुणे, आणि कळमनुरी म्हणजे कळमनुरी. खेड्यातील बुद्धिमान मुलापर्यंत हात पोचविण्याचे काम एका सरकारी योजनेने केले, आणि येथे ते नाव पुन्हा येते. १९३८ साली ज्यास शिक्षणासाठी संस्थान सोडून नागपूर गाठावे लागले, तो नरसिंह राव पुढे आंध्र प्रदेशात मंत्री झाला आणि १९७१ साली त्याच्या कारकिर्दीत नलगोंडा जिल्ह्यातील सर्वेल येथे ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी निवासी शाळा निघाली. १९८५ साली ते केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाले. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण त्यांच्याच काळातले. ह्या धोरणातून नवोदय विद्यालये उभी राहिली. त्यांतील पहिली दोन १९८५-८६ साली प्रायोगिक म्हणून निघाली, एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरे आमच्या महाराष्ट्रातील अमरावती येथे. हे गृहस्थ मराठीचे चांगले जाणकार होते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. ज्यास एका राजवटीने वर्गातून बाहेर घालविले, त्यानेच पुढे लक्षावधी मुलांस वर्गात आणिले, ह्यात आम्हांस ईश्वरी योजनेचा हात दिसतो.

१ मे १९९९ रोजी परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. ह्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय वसमत येथे आहे. म्हणजे ज्या गावी कुरुंदकरांनी शाळेचे धडे गिरविले त्याच गावी. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा होते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी असतात. राहणे, जेवण, शिक्षण ह्यांची सोय होते. मजुराच्या मुलीस ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि दुसऱ्या प्रांतातील सोबती मिळावे, ही गोष्ट लहान नव्हे. आमच्या परिसरातील पालकांनी ह्या परीक्षेस मुलांस अवश्य बसवावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

तरीही एक प्रश्न उरतोच, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एका वर्गात नवोदयास जाणारी मुले मोजकी. मागे राहणारी पुष्कळ. निवडलेल्यांस आव्हान मिळाले. न निवडलेल्यांस काय मिळाले? आणि ज्याची बुद्धी एका उत्तराकडे न धावता अनेक दिशांना फाकते, असा मुलगा त्या दोन तासांच्या परीक्षेत मागे पडला, तर त्यास विसोबा कोठे भेटणार? कुरुंदकर कोणत्याही निवड परीक्षेत उत्तीर्ण झालेच असते, असे कोण सांगू शकेल?

ह्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस आमच्या ख्रिस्तसभेच्या शिक्षणपरंपरेतील दोन उदाहरणे आठवतात. पहिले जुने आहे. येशूसंघाने १५९९ साली आपल्या विद्यालयांसाठी 'रातियो स्तुदिओरुम' ह्या नावाची शिक्षणसंहिता मुक्रर केली. त्या संहितेत 'अकादमी' नावाच्या मंडळांचे नियम आहेत. अधिक अभ्यासू विद्यार्थी शाळा न सोडता, नेहमीच्या वर्गाच्या जोडीस एका मंडळात एकत्र येत; एखाद्या विषयावर व्याख्यान देत, परस्परांशी वाद करीत, स्वतः रचलेले काव्य वाचीत. प्रमुख विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई आणि एक शिक्षक देखरेखीस असे. म्हणजे तल्लख मुलास वर्गातून उचलून नेल्यावाचूनही त्यास वाढविता येते, ही गोष्ट चार शतकांपूर्वी व्यवहारात आली होती. त्या संहितेतील स्पर्धेचा अतिरेक आज आम्हांस पसंत पडणार नाही. परंतु मंडळाची कल्पना आजही टिकणारी आहे.

दुसरे उदाहरण अलीकडचे, आणि आमच्यासारख्या लहान गावच्या धर्मगुरूस लाजविणारे आहे. इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या उत्तरेस डोंगरात बार्बियाना ही एक चिमुकली वस्ती. तेथे १९५४ च्या डिसेंबरात फादर लोरेन्झो मिलानी ह्यांस धर्मगुरू म्हणून पाठविण्यात आले. शेतकऱ्यांची, धनगरांची मुले. त्यांतील कित्येक सरकारी शाळेत नापास झालेली. फादरांनी आपल्या घरातच शाळा भरविली. मोठ्याने लहानास शिकवावे, वर्तमानपत्र वाचून त्यावर चर्चा करावी, परकी भाषा शिकावी, असा तिचा क्रम होता. १९६७ साली त्यांतील आठ मुलांनी मिळून 'एका शिक्षिकेस पत्र' ह्या अर्थाचे शीर्षक असलेले पुस्तक लिहिले. लिहिण्याची रीतही नवी: प्रत्येकाने सुचेल ते चिठोऱ्यांवर टिपावे, चिठोरे एकत्र करून त्यांची विषयवार मांडणी करावी, पुनरुक्ती छाटावी, आणि प्रत्येक शब्दावर सर्वांनी मिळून विचार करावा. ते पुस्तक अनेक भाषांत गेले आणि जगभरच्या शिक्षकांस त्याने अस्वस्थ केले. त्याच वर्षी जून महिन्यात फादर मिलानी वयाच्या ४४ व्या वर्षी निवर्तले. २०१७ साली पोप फ्रान्सिस स्वतः त्यांच्या कबरीपाशी प्रार्थनेस गेले. नापास ठरलेल्या मुलांनी जगास शिकविणारे पुस्तक लिहावे, ह्याहून निर्मितिशक्तीचा मोठा पुरावा तो कोणता?

बार्बियानाच्या मुलांचे दुःख मुख्यतः भाषेचे होते. शाळेची भाषा ही शहरी, सुखवस्तू घरातील भाषा, आणि ती त्यांच्या घरी कोणी बोलत नसे. हे दुःख कळमनुरीस अपरिचित नाही. निजामाच्या काळची उर्दूची अडचण गेली. परंतु आमच्या तालुक्यातील तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, आणि आंध समाजाच्या वस्तीवरील किंवा दूरच्या वाडीवरील मुलाची मराठी पुस्तकातील मराठीहून निराळी असते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० नंतरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांमध्ये विज्ञानशिक्षणाचे काम केले. पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा सोपी केली असता मुलांस विषय अधिक चांगला समजतो, असा अनुभव तेथे आला. वाचकांनी ह्याचा अर्थ नीट पाहावा. जे मूल मंद समजले जात होते, ते पुष्कळदा मंद नव्हते. त्याच्या बुद्धीवर अवघड शब्दांचे झाकण पडले होते.

तेव्हा आमच्या शाळांतील शिक्षक बंधू-भगिनींस आणि पालकांस आम्ही काय सुचवावे? इतिहासातून जे निघाले तेवढेच सांगतो. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसले, तर 'गप्प बैस' असे न म्हणता 'चल, आपण शोधू' असे म्हणावे. विसोबांनी ह्याहून वेगळे काही केले नाही. आठवड्यातून एक तास असा ठेवावा, की ज्यात प्रश्न मुलांनी विचारावे आणि गुण कोणास देऊ नयेत. गावातील विहिरींची नोंद, आजीला ठाऊक असलेल्या ओव्यांचा संग्रह, कयाधूच्या पाण्याचे ऋतूगणिक निरीक्षण, हळदीच्या शेतातील कामांचे सचित्र वर्णन, अशी कामे मुलांकडून करवावी. ह्यांस पैसा लागत नाही आणि त्यांची उत्तरे कोणत्याही मार्गदर्शिकेत छापलेली नसतात. प्रथम आपल्या घरच्या बोलीत सांगू द्यावे, मग प्रमाण भाषेत लिहू द्यावे. जो चटकन समजतो त्याने दुसऱ्यास समजावून द्यावे. त्यामुळे एकाची समज खोल होते आणि दुसऱ्याची जागी होते. आणि प्रत्येक गावात, मंदिराच्या ओसरीवर असो, समाजमंदिरात असो अथवा धर्मग्रामाच्या सभागृहात असो, जात व धर्म न विचारता मुलांसाठी एक कपाटभर पुस्तके आणि त्यांच्यापाशी बसणारा एक वडीलधारा मनुष्य असावा. नांदापूरच्या नरहरास हैदराबादेपर्यंत जावे लागले. पुढच्या नरहरास, आणि पुढच्या एखाद्या मुक्तेस, ते आपल्या गावीच का मिळू नये?

सुवार्तेत तालांतांचा दृष्टान्त आहे. धन्याने चाकरांस आपापल्या योग्यतेप्रमाणे तालांत दिले. दोघांनी ते वाढविले, एकाने जमिनीत पुरून ठेविले. ह्या दृष्टान्तावर प्रवचन करताना ज्याने आपला तालांत पुरला त्यास आम्ही दोष देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु लहान मुलाचा तालांत बहुधा तो स्वतः पुरीत नाही. त्याच्या प्रश्नावर हसणारा वर्ग, त्यास वेळ नसलेले घर आणि गुणांपलीकडे न पाहणारे गाव हे सर्व मिळून त्यावर माती लोटतात. हिशेबाच्या दिवशी धनी विचारील, तेव्हा त्या मुलास नव्हे, आम्हां मोठ्यांस उत्तर द्यावे लागेल. कच्चे मडके हा कोणाचा अपराध नव्हे. आवा पेटलेला असताना ते बाहेर राहू देणे हा मात्र अपराध होय. ज्युबिलीच्या ह्या मंगल वर्षी आमच्या धर्मग्रामाने आणि कळमनुरीच्या सर्व सुजाण जनांनी एवढा एक संकल्प केला, तरी ह्या उत्सवाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.